नऊच्या आत

होटगी रोडला, पंक्चरवाल्याच्या भिंतीला पाठ लावून
निळ्या पत्र्याची एक टपरी आहे.
पाटीवरचा ‘नी’ उन्हानं खाल्लाय,
नुसता ‘रा’ उरलाय.
तरी सगळ्यांना कळतं.

साडेसहाला कॅन उतरतो,
ओलं पोतं गुंडाळलेला, बर्फात कमरेपर्यंत.
सायबण्णा फडक्यातून गाळतो.
एखादी मधमाशी निघते, पंख चिकटलेली,
तिला करंगळीनं उचलून
फळीवर ठेवतो वाळायला,
मग विचारतो, ‘हं, किती?’

मी रात्रपाळी करून आलेली.
हाताला स्पिरिट, डोळ्यांत ट्यूबलाइट.
पहिल्या घोटाला वाटलं,
शहाळ्यात कुणीतरी गूळ विसरलंय,
वर चुलीचा धूर,
आणि गिळल्यावर, मागून,
उकडलेल्या अंड्यासारखं काहीतरी.
दुसऱ्या घोटाला अंडं गेलं.
तिसऱ्याला धूर.
चौथा नव्हताच, ग्लास लहान आहे.

पर्समधली बाटली पुढं केली. अम्मासाठी.
‘न्यायची नाही,’ तो म्हणाला. ‘घर कुठं?’
‘विडी घरकुल.’
‘तिथं पोचेपर्यंत ही ही राहत नाही.
नऊच्या आत नीरा.
नवानंतरचं आपण सांगू शकत नाही.’

मी सांगू शकते.
नवानंतर ती नाना होते.

रविवारी दुपारी दारात एकच चप्पल.
मागावर आठवडाभर एक धागा न चुकणारा माणूस
उंबऱ्याला अडखळायचा,
आणि अम्मा सुपातली पानं कापत राहायची,
कात्रीचा आवाज थोडा वाढवून.
शिंदीला ती नावानं बोलवायची नाही.
‘ती’ म्हणायची.
‘तिच्याकडं गेलता.’
मला कितीतरी वर्षं वाटायचं, बाई आहे कुणी.

नाना जाऊन सहा वर्षं झाली.
सुट्टीच्या दिवशी रिक्षा केली, अम्माला आणलं.
ती टपरीपासून चार हात लांब,
नाकाला पदर लावून.
‘काय बघलालाव मावशी, घ्या की.’
‘बायका पितात इथं?’
‘ही पोरगी रोज पिते.’
त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं
की मी चाळिशीची आहे हे मलाच सांगावं वाटलं.

खाली एक रिकामं मडकं पडलं होतं.
तिनं वाकून आत बघितलं.
‘चुना कशाला?’
‘आंबू नये म्हणून.’
‘एवढ्याशानं थांबतं?’
‘थोडा वेळ थांबतं.’
‘थोडा वेळ,’ ती म्हणाली,
आणि मडकं होतं तसंच ठेवलं,
तोंड खाली करून.

मग प्याली.
उभ्यानं, एका दमात, औषध प्यावं तशी.
‘तीय्यगुंदि,’ स्वतःशीच म्हणाली.
मग सायबण्णाला कळावं म्हणून मराठीत,
तक्रार केल्यासारखी:
‘गोड आहे की ओ ही!’

चाळीस वर्षं भांडली जिच्याशी
तिचं तोंड आज बघत होती.
आणि तोंड लहान पोरीचं निघालं होतं.

दुसरा ग्लास मागितला. पैसे स्वतः दिले,
कंबरेच्या पिशवीतली नाणी मोजून.
पण प्याली नाही.
फळीवर ठेवला, मधमाशीशेजारी,
आणि पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसली.

ऊन टायरांवरून सरकत आलं.
पावणेनऊ झाले.
‘प्या मावशी, जाईल ती.’
‘जाऊ दे की,’ अम्मा म्हणाली.
‘कशी जाते बघू तरी.’

मग कुणी काही बोललं नाही.
पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात दाबली आणि
तोही मान वळवून बघू लागला.
मधमाशी मघाशीच उडाली होती.
ग्लासच्या तळातून
एक बुडबुडा निघाला,
सावकाश.